मायच्या सीडीला कुलूप

भाऊ,

परवा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. तू न्यायला आला नाहीस.

येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. पाडव्याच्या आधी तू गेलास. तुझ्या दहाव्याला, तेराव्याला मी जळगावात, पिंप्राळ्यातच होते, सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तरीही आखाजीच्या आदल्या दिवशी पिशवी भरून मी धुळ्याच्या घराच्या गॅलरीत उभी राहिले आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिले. यांनी दोनदा विचारलं, स्टँडवर सोडू का. मी म्हटलं, थांबा जरा. मग त्यांच्याही लक्षात आलं आणि ते आत जाऊन पेपर वाचायला लागले.

मला नातवंडं झाली, पण आखाजीला बहिणीला माहेरी आणायला भावानंच गेलं पाहिजे, हे तू सोडलं नाहीस. गुडघे दुखायचे तरी एसटीने यायचास. हातात केळ्यांची फणी, जशी काही धुळ्यात केळी मिळतच नाहीत. गल्लीतल्या बायका हसायच्या, ताईंचा मुराळी न्यायला आला म्हणायच्या. पिकल्या मिशांचा मुराळी! चहा घेऊन, यांची विचारपूस करून तू दुपारच्या गाडीने मला घेऊन निघायचास. पारोळ्यापर्यंत घरच्या गोष्टी चालायच्या. पारोळ्याच्या पुढे आपलं भांडण सुरू व्हायचं. एरंडोल मागे पडायचं, जळगाव यायचं, तरी ते संपायचं नाही. यंदा मी एकटीच खिडकीशी बसले होते. शेजारी एक अनोळखी बाई मान टाकून झोपली होती. पारोळा गेल्यावर मला उगीचच गाडी खूप शांत वाटायला लागली.

आपलं भांडण कशाचं, तर सीडीचं. कोणाला सांगितलं तर हसू येईल.

मायला मोबाईलवरचं गाणं चालत नाही. ऐन गाण्यात कोणाचा तरी फोन येतो आणि गाणारी बाई मध्येच गप्प होते, हे तिला अपशकुनासारखं वाटतं. टीव्हीच्या रिमोटवर इतकी बटणं, की तिच्या बोटांना काही कळत नाही, आणि डोळे तर कधीचेच गेले. तिला तिचा सीडी प्लेअरच लागतो, खाटेशेजारच्या फळीवरचा. त्याच्या वाजवायच्या बटणावर तू वहिनीच्या पाकिटातली एक टिकली चिकटवून दिलीस. माय चाचपडत हात नेते, टिकली सापडली की दाबते. तेवढं एक यंत्र तिला कोणाला हाक न मारता चालवता येतं.

आणि तिला गाणी हवीत ती आखाजीचीच. झोक्यावरची, आपल्या बोलीतली. ती कुठल्या दुकानात मिळणार? म्हणून तू ती गोळा करायला लागलास. वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, तू म्हाताऱ्या बायकांच्या मागे मोबाईल घेऊन फिरायला लागलास. कोणाच्या हळदीला जाऊन बसायचास, कोणाच्या अंगणात ज्वारीचे पापड, बिबडे थापायचे चाललेले असले की तिथे हजर. वहिनी म्हणायची, यांना आता मी काय बोलू. पण घरात चहा मात्र तीच सगळ्या गाणाऱ्यांना करून द्यायची.

पहिल्या वर्षीची फजिती मी विसरणार नाही. मोबाईलमधली गाणी तू जशीच्या तशी सीडीवर टाकलीस. संगणकावर झकास वाजली. आखाजीच्या दुपारी गल्लीतल्या बायका जमवल्यास, मायला मधोमध बसवलंस, तिने बटण दाबलं आणि प्लेअर नुसता घरघरत राहिला. तू सीडी पुसलीस, फुंकलीस, प्लेअरला दोन थापा मारल्यास. बायका पदराआड हसायला लागल्या. माय बिचारी शांतपणे म्हणाली, "कोठे गयात रे मना गाना?"

मग तू कुठूनतरी शिकून आलास आणि पुढे वर्षभर जो भेटेल त्याला शिकवत सुटलास. फाईल म्हणून लिहिलं तर संगणक वाचतो, गाणं म्हणून लिहिलं तर प्लेअर वाचतो. ऑडिओ सीडी करायची, एका सीडीत ऐंशी मिनिटं, त्याहून जास्त हाव धरायची नाही, आणि लिहायचं ते अगदी सावकाश. सीडी लिहायला लावलीस की घरात कर्फ्यू. मिक्सर लावायचा नाही, पाय आपटत चालायचं नाही, दार धाडकन लोटायचं नाही, का तर धक्का बसून सीडी बिघडेल. वहिनीची चटणी तशीच खोळंबायची. इतकं करून ज्या बिघडायच्या, त्या तू दोऱ्याला बांधून गॅलरीत कबुतरांना घाबरवायला लटकवायचास. त्या अजून तिथेच आहेत. परवा दुपारी उन्हात चमकत होत्या. कबुतरं त्यांना अजिबात घाबरत नाहीत.

आणखी एक तुझी रीत होती. गाणं मिळालं की त्याच दिवशी ते सीडीवर चढवायचं. एकदा संगणक बसला आणि कमलमावशीची सगळी गाणी गेली, मावशीही त्याच वर्षी गेली. तेव्हापासून तू म्हणायचास, मोबाईलात ठेवलेलं गाणं म्हणजे ओट्यावर राहिलेलं दूध, कधी नासेल सांगता येत नाही. त्यामुळे थंडीपासूनच एकेक गाणं चढत जायचं आणि सीडी तू उघडी ठेवायचास. उघडी सीडी संगणकाला कळते, मायच्या प्लेअरला मात्र ती कोरीच वाटते. आखाजीच्या सकाळी अंघोळ करून तू तिला कुलूप लावायचास. कुलूप हा शब्द तुझाच. ते लावलं की त्या सीडीत आणखी एक अक्षरही घालता येत नाही, आणि ते लावल्याशिवाय ती मायच्या प्लेअरवर वाजत नाही. हे तू मला बसमध्ये इतक्या वेळा समजावलंस, की मी ब्लाऊज शिवणारी बाई असून मला ते झोपेतही सांगता येईल.

माझं म्हणणं तुला पाठ होतं, तरी पुन्हा सांगते. तू गाणी डब्यात भरायला लागलास आणि बायकांनी गाणं सोडलं. पूर्वी आखाजीला पिंप्राळ्याच्या त्या मोकळ्या प्लॉटवर लिंबाला दोर बांधला, की कोणी चुकीचं, कोणी बेसूर, पण सगळ्या गायच्या. आता तुझी सीडी लावतात आणि बांगड्या सावरत ऐकत बसतात. तू म्हणायचास, गाणाऱ्या उरल्या कुठे? दर वर्षी एक कमी होते. मी म्हणायचे, ऐकत बसवल्यावर नव्या तयार कशा होणार? यावर तू खिडकीबाहेर बघत म्हणायचास, तू गा ना मग, तू का गात नाहीस? तू गेलास म्हणून मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. ते अजून तसंच आहे.

पण मी का गात नाही, हे विचारायचा तुला काही अधिकार होता का, सांग.

ही गाणी तशी सगळ्यांची एकच. आखाजी जवळ येते, सासरी बहीण भावाची वाट बघते, भाऊ गाडी जुंपून येतो, ती माहेरी येऊन झोक्यावर बसते. शेवटच्या कडव्यात आखाजी संपते, भाऊ तिला सासरच्या दारात सोडतो आणि मागे न बघता निघतो. फरक असतो फक्त नावाचा. भावाच्या जागी प्रत्येक बाई आपल्या भावाचं नाव घालते. त्यामुळे तुझ्या सीडीवर तेच गाणं पुन्हा पुन्हा यायचं. वहिनी वैतागायची, अहो, हे आत्ताच झालं की. तू म्हणायचास, ते पंडितचं होतं, हे अशोकचं आहे.

लहानपणी गावातल्या लिंबावर मीही गायचे आणि नाव घालायचे, दगडू. तुझ्या आधीची दोन जगली नाहीत, म्हणून मायने तुझं नाव दगडू ठेवलं. दगडाकडे कोण बघतं, राहील पडून, असं तिचं साधं गणित. शाळेत मास्तरांनी तुझा प्रकाश केला आणि तुला तो फार आवडला. मग एका आखाजीला मी झोक्यावरून मोठ्याने दगडूभाऊ म्हटलं, पोरी खिदळल्या, आणि तू शाळासोबत्यांच्या घोळक्यातून लालेलाल होऊन धावत आलास. पुन्हा माझं नाव घेतलंस तर दोर कापून टाकीन, म्हणालास. हातात खरोखर विळा होता. त्या दिवसापासून मी ते गाणं गायले नाही. मी झोका द्यायला उभी राहायला लागले आणि पुढे तीच माझी जागा झाली.

होळी झाल्यावर तुझा फोन आला. यंदाच्या सीडीत एका गाण्याची जागा उरली आहे, ती तुझ्यासाठी ठेवली आहे, असं तू सांगितलंस. मी म्हटलं, माझा आवाज आता शिवणयंत्रासारखा झालाय. तू हसला नाहीस. म्हणालास, "यंदा तू गायल्याशिवाय मी कुलूप लावणार नाही."

मी म्हटलं, "मग राहू दे उघडी."

नंतर आपण कैरीच्या लोणच्याबद्दल बोललो. मायला कोवळी कैरी आवडते, ती बाजारात आली का, असं काहीतरी. त्यानंतर तू मला फोन केला नाहीस आणि मी तुला केला नाही. रुसवा नव्हता, तुलाही माहीत आहे. आखाजीला भेटणारच होतो.

आखाजीला गेलेल्यांच्या नावाने भरतात ती घागर परवा तुझ्या नावाने भरली. दर वर्षी तू आपल्या वडिलांची, आबांची भरायचास, यंदा त्यांच्या घागरीशेजारी नवी कोरी तुझी. तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज, पुढे सांजोऱ्या आणि आमरस. वहिनीने आमरसात वेलची घातली नाही, तुला आवडत नाही म्हणून. झोका यंदा बांधला नव्हता. दुपारी शेजारच्या लताकाकू आणि आणखी दोघीतिघी येऊन नुसत्या बसल्या. कोणी आवाज चढवून बोलत नव्हतं. एवढ्यात माय खाटेवरून म्हणाली, "माले गाना ऐकानं शे."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. दुखवट्याच्या घरात गाणी लावायची का, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण मायला नाही कोण म्हणणार? तुझ्या लॅपटॉपला जोडलेल्या त्या रायटरमध्ये यंदाची सीडी होती, तू ठेवलीस तशीच. वहिनीने ती आणून प्लेअरमध्ये घातली. मायने टिकली दाबली. प्लेअर घरघरला आणि थांबला. मायने पुन्हा दाबली. पुन्हा तेच. लताकाकू म्हणाल्या, बिघडला वाटतं, माणूस गेलं की वस्तूही जातात. माय टिकलीवर बोट ठेवून बसून राहिली. प्लेअर धडधाकट आहे हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं.

मी सीडी घेऊन आतल्या खोलीत गेले. तुझ्या खुर्चीत बसले, तुझा हेडफोन लावला. म्हटलं, काय आहे ते आधी बघू, मग कुलूप लावून टाकू, माझ्या गाण्याचं राहू दे. एकेक गाणं ऐकत गेले. पंडित आला. अशोक आला. लताकाकूंचा तो सुरतेला गेलेला भाऊ आला. मायच्या गाण्यात आपले मामा आले, गाडी जुंपून, तरुणच्या तरुण. तेच गाणं, तीच चाल, फक्त नावं बदलत होती. मग फळीवरच्या जुन्या सीड्या काढल्या, त्याही थोड्या थोड्या ऐकल्या. जळगाव-धुळ्यातले सगळ्यांचे भाऊ तू गोळा केले होतेस, भाऊ. त्यात तुझं नाव कुठेच नव्हतं.

असणार कसं? तुला बहीण एकच, आणि ती झोका द्यायला उभी.

मला तुझा असा राग आला, की हेडफोन टेबलावर आपटला. एवढंच हवं होतं तर तोंड उघडून सांगायचं होतंस! बसमध्ये शेजारी बसून गाण्यांवर, बायकांवर, संगणकावर तासन्तास बोललास आणि हे एक वाक्य तुझ्याने बोलवलं नाही. नाव घेऊ नको हे विळा घेऊन सांगायला आलास, आता घे म्हणायला काय झालं होतं? पिकल्या मिशांची लाज वाटली का? मी हसले असते, हे खरं. पण हसून झाल्यावर गायले असते. तुझ्या खुर्चीत बसून मी खूप रडले. तेराव्यालाही इतकी रडले नव्हते.

मग तोंड धुऊन बाहेर आले आणि सांगितलं, मी गाते, कोणीतरी मोबाईल धरा. लताकाकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, ताई, मुराळ्याचं गाणं जित्या भावाचं असतं, गेलेल्याचं नाव त्यात घेत नाहीत. त्यांचं चूक नव्हतं, रीत तशीच आहे. मीही मायकडेच बघितलं. माय म्हणाली, "मना आंडोर शे. तू ले नाव." लेकाचं नाव घे असं आईच म्हणाल्यावर लताकाकूंनी माझा हात सोडला.

वहिनीने मोबाईल धरला. मी सुरुवात केली. आवाज कुठून येतोय हे माझं मलाच कळेना. पहिली ओळ कशीबशी झाली, दुसऱ्या ओळीत नाव आलं, आणि मी म्हटलं, प्रकाश. कारखान्यात, कॉलनीत, दहाव्याच्या पत्रिकेवर तू प्रकाशच होतास. तुला आवडायचं तेच घ्यावं, असं वाटलं.

मायने मध्येच हात वर केला. "प्रकाश कोन शे? दगडू म्हन."

मी पुन्हा पहिल्यापासून गायले. दगडू म्हटलं. दर कडव्यात म्हटलं. तिसऱ्या कडव्याला लताकाकू मागे म्हणायला लागल्या, मग बाकीच्याही. सगळ्या मिळून तुझं नाव घेत होत्या, भाऊ, आणि कोणी खिदळत नव्हतं. शेवटच्या कडव्यात, तू मला दारात सोडून निघतोस तिथे, माझा आवाज पार गेला. ते कडवं त्या बायकांनीच पुरं केलं.

तू असतास तर कापत बसला असतास. आधीचं खाकरणं काढ, प्रकाशवालं काढ, मायचं बोलणं काढ, गाणं कसं स्वच्छ पाहिजे, असं म्हणाला असतास. मी काही काढलं नाही. जसं होतं तसं वायरने लॅपटॉपवर घेतलं, गाणं म्हणूनच लिहायला लावलं, आणि वहिनीला सांगितलं, आता मिक्सर लावू नका. तिने मान हलवली. आम्ही दोघी पाय न वाजवता बसून राहिलो. शेवटी सीडी बंद करायची का, असं विचारणारा तो चौकोन आला. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. उघडी होती तोवर तुझं काम चालू आहे असं वाटत होतं. पण बाहेर माय बसली होती. मी कुलूप लावलं.

माय पहिल्यापासून सगळं ऐकत गेली. पंडितचं, अशोकचं, मामांचं. शेवटच्या गाण्यात तिचाच आवाज आला, प्रकाश कोन शे, आणि मागोमाग तुझं नाव. मायने प्लेअरवर हात ठेवला, आपण तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो तसा. पुन्हा लाव म्हणाली. मी लावलं. गाणं वाजत असताना कुठलं बटण दाबलं की तेच गाणं पहिल्यापासून सुरू होतं, ते मी तिला दाखवलं आणि वहिनीच्या पाकिटातली आणखी एक टिकली त्या बटणावर चिकटवून दिली.

काल मी धुळ्याला परत आले. आज दुपारी वहिनीचा फोन आला तेव्हा मागे तेच गाणं चाललं होतं. म्हणाली, सकाळपासून तेच चाललंय. मी विचारलं, तुम्हाला त्रास होत असेल ना? ती म्हणाली, नाही हो. मग म्हणाली, एक सांगू का ताई, तुमचं ते शेवटचं कडवं परवानंतर या घरात वाजलेलं नाही. भाऊ दारात सोडायला येतो तिथपर्यंत गाणं आलं, की माय ती नवी टिकली दाबतात.